सुटकेच्या दुसऱ्या दिवशी

दिवाळी जवळ आली की येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्रावर मेळा भरतो. सागवानी चौरंग, पाट, देव्हारे, लाकडी खुर्च्या, हातमागावरच्या चादरी आणि सतरंज्या, टॉवेल, चामडी चपला, पणत्या, आकाशकंदील. पुणेकर आवर्जून येतात. वस्तू टिकाऊ असतात, लाकूड खरं असतं आणि किमतीत लबाडी नसते, असा अनुभव सांगणारी घरं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चौरंग उलटा करून सांधे बघितले तर कळतं, की खिळ्यांवर काम भागवलेलं नाही; लाकडात लाकूड नीट बसवून, ठोकून, घासून केलेलं आहे. ज्याने हे केलं, त्याच्या हातात कसब आहे यात शंका उरत नाही.

हा चौरंग करणारा माणूस सुटल्यावर काय करतो? तो सुतार म्हणून जगतो का? मेळ्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. किती लाखांची विक्री झाली, कोणत्या अधिकाऱ्यांनी फीत कापली, सगळं येतं. पण कारागिराचं पुढे काय झालं, ही बातमी येत नाही. कारण ती जमवायची कोणी ठरवलेलीच नाही.

कारागृहातल्या कौशल्य प्रशिक्षणाचं मोजमाप आज आत होतं. किती जणांना शिकवलं, किती माल तयार झाला, किती रुपयांची उलाढाल झाली. खरं मोजमाप सुटकेच्या दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. त्या सकाळी त्या माणसाला कुठे काम आहे का, त्याच्या खिशात महिनाभर तग धरण्याइतके पैसे आहेत का, आणि त्याच्या हातातला दाखला तो कुणाला न लाजता दाखवू शकतो का. या तीन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील, तर आतल्या कारखान्याने माणूस घडवला असं म्हणता येणार नाही. त्याने माल घडवला, एवढंच म्हणता येईल.

आधी आत कोण आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ माणसं कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांचा खटला अजून चालू होता आणि गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. महाराष्ट्रातलं चित्र वेगळं नाही. राज्यातल्या कारागृहांची क्षमता पंचवीस हजारांच्या आसपास आणि आत माणसं चाळीस हजारांच्या घरात. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात हजाराच्या आतच माणसांची जागा, आणि तिथे तीन हजारांहून अधिक माणसं दाटीवाटीने राहिलेली आहेत. झोपताना कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं, असं तिथून आलेली माणसं सांगतात.

कारखाना आहे तो पक्क्या कैद्यांसाठी. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम करावंच लागतं. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही आणि साध्या कैदेची शिक्षा झालेल्यावरही नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ज्याचा गुन्हाच ठरलेला नाही, त्याच्याकडून मजुरी कशी करून घेणार? पण व्यवहारात याचा अर्थ असा होतो, की चार माणसांतली तीन माणसं महिनोन्‌महिने, काही वेळा पाच-सात वर्षं नुसती बसून काढतात. तारखेला जायला निघायचं, पोलीस बंदोबस्त नाही म्हणून न जाता परत बराकीत यायचं, मुलाखतीची वाट बघायची. यातली बरीच मुलं विशी-पंचविशीतली असतात. शिकायचं वय तेच. आतल्या माणसांपैकी दोनतृतीयांशांच्या आसपास दहावीही झालेले नाहीत. म्हणजे आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या दारातही ते उभे राहू शकत नाहीत. त्यांना स्वेच्छेने शिकण्याची सोय मोठ्या प्रमाणावर करायला कायदा आडवा येत नाही. जागा, शिक्षक आणि इच्छा यांची वानवा आडवी येते.

पक्क्या कैद्यांकडे वळू. येरवडा, नाशिक रोड, नागपूर, अमरावती, कोल्हापूरचं कळंबा, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल अशी मोठी मध्यवर्ती कारागृहं आपापल्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. सुतारकाम, लोहारकाम, हातमाग आणि यंत्रमाग, शिवणकाम, चर्मकाम, बेकरी, धोबीकाम. सरकारी कार्यालयांची टेबलं-खुर्च्या इथे बनतात, न्यायालयांचं फर्निचर इथे बनतं, गणवेश इथे शिवले जातात. नाशिक रोडला २०१७पासून गणेशमूर्ती घडवल्या जाऊ लागल्या. मूळचा मूर्तिकार असलेला एक बंदी आत आला होता, त्याने बाकीच्यांना माती मळण्यापासून डोळे रेखण्यापर्यंत शिकवलं आणि नाशिककर त्या मूर्ती घेण्यासाठी रांगा लावू लागले. पैठणीचे मागही तिथे बसले. कोल्हापुरात काही वर्षं अंबाबाईच्या देवळातला लाडूप्रसाद कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी वळला. देवीच्या प्रसादाला त्यांचे हात चालले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मजुरी. २०२३च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या कारागृह विभागाने बंद्यांच्या मजुरीत वाढ केली. कुशल कामगाराला दिवसाला ६७ रुपये मिळत होते ते ७४ झाले, अर्धकुशलाचे ६१चे ६७ झाले, अकुशलाचे ४८चे ५३ आणि खुल्या कारागृहात काम करणाऱ्याचे ८५चे ९४. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवर खडी-माती उचलणाऱ्या मजुराचा दर दिवसाला २७३ रुपये होता. म्हणजे सागवानाचा सांधा बिनचूक बसवणारा कुशल सुतार हमीवरच्या मजुराच्या चौथ्या हिश्शाहून थोड्याच अधिक मजुरीवर काम करत होता.

या दराने महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं तर कुशल बंद्याची कमाई १,८५० रुपये होते. त्यातून तो कँटीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेतो, वकिलाला काही पाठवतो, घरी मनीऑर्डर करतो. जे उरेल ते खात्यावर. दहा वर्षं इमानाने काम केलेल्या माणसाच्या हाती सुटताना जी रक्कम पडते, तिच्यात शिवणयंत्र येईल किंवा तीन महिन्यांचं घरभाडं भागेल, दोन्ही नाही.

असं का, याचं सरकारी उत्तर ठरलेलं आहे : बंद्याच्या जेवणाचा, कपड्यांचा, औषधाचा खर्च सरकार करतं. हे खरंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरात राज्याच्या प्रकरणात या प्रश्नाचा मुळातून विचार केला. सक्तमजुरी करणाऱ्याला न्याय्य वेतन मिळालं पाहिजे, त्यातून त्याच्या पोटापाण्याचा खर्च वजा करायला हरकत नाही, आणि वेतनाचा काही भाग ज्याच्यावर अन्याय झाला त्या पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला देण्यासाठी राज्यांनी कायदा करावा, असं न्यायालयाने सांगितलं. या निकालाचा शेवटचा भाग आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. कैद्याला मजुरी वाढवून द्या म्हटलं की लगेच विचारलं जातं, ज्याचा बाप मारला गेला त्या पोराचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर याच निकालात आहे. दिवसाला ५३ रुपये कमावणाऱ्याकडून त्या पोराला काय मिळणार? कमाईच नसेल तर भरपाई कुठून येणार? कैद्याची मजुरी वाढली, तरच पीडिताचा वाटा मोजण्याजोगा होतो. या दोन माणसांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याचं कारण नाही. दोघांचं हित एकाच पगारपत्रकात आहे.

महाराष्ट्राने एक चांगली गोष्ट केली, तीही सांगितली पाहिजे. २०२२च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. आत काम करणाऱ्या बंद्याला त्याच्या मजुरीच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, जामीनदार लागत नाही. मुलीची फी, आईचं आजारपण, वकिलाचा खर्च. देशात अशी पहिलीच योजना. सावकाराच्या दारात घर जाण्यापासून वाचलं, तर मुलांच्या मनातली बापाबद्दलची अढी थोडी तरी सुटते. तरीही हिशेब करा : महिन्याची सगळी कमाई, एक रुपयाही खर्च न करता, नुसत्या मुदलात भरली तरी ५० हजार फिटायला सत्तावीस महिने लागतात. योजना चांगली आहे; मजुरी तिला पुरी पडत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका माणसाला भेटलो. नाव-गाव लिहिणार नाही, असं कबूल केल्यावरच ते बोलायला बसले. वय पन्नाशीच्या पुढे. जमिनीच्या बांधावरून भावकीत झालेल्या हाणामारीत एक जण गेला, त्यात जन्मठेप. आत शिवणकामाच्या विभागात वर्षानुवर्षं काढली. आता मेहुण्याच्या मोबाईल दुकानाच्या कडेला पत्र्याखाली त्यांचं मशीन आहे.

“दादा, आत शिकलेलं बाहेर उपयोगी पडलं का?” मी विचारलं.

“पडलं बी, न्हाई बी,” ते म्हणाले. हातातल्या पँटची तळशिलाई उसवता उसवता बोलत होते. ब्लेडचं अर्धं पान दोन बोटांत धरून ते एकेक टाका असा काही कापत होते, की कापडाला चरादेखील पडत नव्हता. “तिथं लाईनीचं काम असतंय साहेब. कापणारा एकच. तो कापून द्येतो. दुसरा बाजू जोडतो, तिसरा खिसा लावतो, चौथा काजं-बटन. मी खिशावर. किती हजार खिसं लावलं असतील त्याला माप न्हाई. पर घरी आल्यावर पहिल्या दिवशी शेजारची बाई ब्लाउजपीस घिऊन आली. म्हणली, भावजी, मापाचा ब्लाउज हाय, तसाच करा. मला बेततच येईना.”

त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “महिनाभर मशीन नुसतं झाकून ठिवलं हुतं. मग गल्लीतल्या टेलरकाकांनी कटिंग शिकवलं. पैसं बी घेतलं न्हाईत त्यांनी.”

मी दाखल्याबद्दल विचारलं. त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढून दाखवला. प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. त्यावर कारागृहाचं नाव ठळक अक्षरात. सोलापुरात एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम मागायला गेले तेव्हा हा कागद खिशातच राहिला. काम येतं का, हे मशीनवर बसवून बघितलं, पसंत पडलं. मग मालकाने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणायला सांगितलं. “म्हणलं, आणतो. आनि तिथनं जे निघालो ते परत गेलो न्हाई.”

आता ते फॉल-पिको करतात, चेनी बदलतात, पँटी आखूड करतात, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत गणवेश शिवतात. खिसे मात्र त्यांच्याकडून शिवून घ्यायला दुसरे शिंपी येतात. इतका सरळ खिसा तालुक्यात कुणाला लावता येत नाही, हे त्यांच्या पत्नीने सांगितलं, त्यांनी नाही.

या एका घरात सगळा प्रश्न मावतो. आतला कारखाना उत्पादनासाठी रचलेला आहे. मागणी सरकारी खात्यांची, मुदत ठरलेली, मग काम तुकड्यात वाटणं सोयीचं. एक माणूस एकच तुकडा करत राहतो आणि अख्खी वस्तू कधी करत नाही. गावात पोट भरायचं तर अख्खी वस्तू करता यावी लागते : माप घेणं, बेतणं, गिऱ्हाइकाशी भाव करणं, उधारी वसूल करणं. सुतारकामाचंही तसंच. आत सागवानाचं भक्कम काम. बाहेर बाजार प्लायवूडचा, लॅमिनेटचा, मॉड्युलर किचनचा. तिथे विजेची करवत, राउटर, सनमायका चिकटवण्याचं तंत्र लागतं. हातमागावर चादर विणायला शिकलेला माणूस इचलकरंजीत गेला तर तिथे साधे यंत्रमागही मागे पडून रॅपिअर माग धावतायत. कारागृहाला जे विकायला सोपं तेच शिकवलं जातं. माणसाला जे विकून जगता येईल, ते शिकवलं जाईलच असं नाही. या दोन गोष्टी जुळल्या तर प्रशिक्षणाचा उपयोग, नाहीतर शिक्षेचे दिवस कामात गेले एवढंच.

आतलं काम म्हणजे शिक्षाच, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. अंदमानातल्या कोलूचं वर्णन सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये महाराष्ट्राने वाचलं. माणसाला बैलाच्या जागी जुंपून तेल काढायचं आणि भरलं नाही तर दंडाबेडी. खडी फोडणं, काथ्या कुटणं, चक्की दळणं. त्या कामातून माणूस मोडावा, हाच उद्देश होता. कारागृहांची पाहणी करणाऱ्या १९१९-२०च्या कार्ड्यू समितीने धाकाबरोबर सुधारणेचीही भाषा केली, पुढे १९८३मध्ये न्यायमूर्ती मुल्ला समितीचा अहवाल आला. कागदावर विचार बदलत गेला.

पण कोणतं काम कोणाला, हा विचार मात्र फार उशिरापर्यंत बदलला नाही. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट, संडास-सफाईचं काम ठरावीक जातींना आणि स्वयंपाकाचं काम वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींना देण्याची तरतूद होती. भटक्या-विमुक्तांकडे सवयीचे गुन्हेगार म्हणूनच पाहण्याची इंग्रजी नजरही तशीच नियमांत टिकून होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणलं, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने जातीवर आधारलेली ही कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. या निकालाकडे कौशल्याच्या बाजूनेही बघायला हवं. पारध्याचा पोरगा पाच वर्षं आत होता आणि पाच वर्षं त्याने झाडूच मारला, तर तो बाहेर येऊन काय करणार? सुताराच्या पोराला रंधा आणि त्याला झाडू, ही वाटणी फक्त अपमानाची नाही; ती पोटावर पाय देणारी आहे.

वेगळं काही होऊ शकतं, हे दाखवायला मला परदेशात जायची गरज वाटत नाही. सांगली जिल्ह्यातलं आटपाडी पुरेसं आहे.

आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस नावाला, माळ खडकाळ, गवत खुरटं. स्वातंत्र्याआधी हा मुलूख औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, चित्रकार, आणि प्रयोगांना न घाबरणारे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे तेच. किर्लोस्करवाडीची एक आठवण इथे सांगायलाच हवी : चोऱ्या-दरोड्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं होतं. ज्यांच्यापासून मालमत्ता जपायची, त्यांच्याच हाती ती सोपवली.

अशा संस्थानात मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडमधला ज्यू अभियंता आला. गांधीजींच्या सहवासात तो राहिला; भारतानंद या नावानेही तो ओळखला जाई. सूत कातायची धनुष तकली सुधारण्याचं श्रेय गांधीजींनी त्याला दिलं. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठीतली संभाषणं इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवली, ती यानेच. राजपुत्र आप्पासाहेब पंतांच्या साथीने औंधचा कारभार लोकांच्या हाती देण्याचा जो प्रयोग झाला, त्याच सुमारास, १९३९ साली, आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. भिंत नाही, कुलूप नाही. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथे राहायला आली आणि आपल्या बायकामुलांना घेऊन राहिली. जमीन कसायची, पिकवायचं, पोरं शाळेत घालायची, आणि शिक्षा तशीच पुरी करायची.

ग. दि. माडगूळकर याच मातीतले. त्यांनी ही गोष्ट लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो पोहोचला. चित्रपट सर्वांना आठवतो. स्वतंत्रपूर अजून चालू आहे, हे मात्र सांगलीबाहेर फार जणांना ठाऊक नसतं. संस्थानं विलीन झाली, वसाहत सरकारकडे आली आणि राज्याच्या कारागृह विभागाने ती चालवत ठेवली.

स्वतंत्रपुरात कौशल्य प्रशिक्षणाचा वर्ग नव्हता. माणसाला जे येत होतं, ते करायची मुभा होती. शेतकऱ्याला शेत दिलं. घर तुटू दिलं नाही. सुटकेच्या दिवसाआधीच तो कुटुंबाचा कर्ता म्हणून वागायला लागलेला होता. पीक बुडालं तर त्याला काळजी होती, पोराला ताप आला तर रात्र जागायची होती. बंद कारागृहातला माणूस दहा वर्षं एकही निर्णय घेत नाही. कधी उठायचं, काय खायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं. मग एका सकाळी त्याला दारातून बाहेर सोडतात आणि सगळे निर्णय एकदम त्याच्या अंगावर येतात. बाहेर आलेल्या माणसांना एस.टी. स्टँडवर कोणत्या गाडीत बसायचं, हे विचारायचाही धीर होत नाही. निर्णय घेण्याचं हे कसब कोणत्याच वर्गात शिकवता येत नाही. ते खुल्या जागेत, जबाबदारी अंगावर घेऊनच येतं.

महाराष्ट्रात आज १९च्या आसपास खुली कारागृहं आहेत : येरवडा, पैठण, विसापूर, स्वतंत्रपूर आणि इतर. देशात या बाबतीत राजस्थाननंतर आपलाच क्रमांक लागतो. येरवड्याला २०१०च्या सुमाराला महिलांसाठी खुलं कारागृह सुरू झालं, तेही देशात पहिलंच. पण बहुतेक ठिकाणी बंद्यांची संख्या मोजकी आहे, निवड शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यावर होते, आणि काम मुख्यतः शेतीचंच. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मुलाला भुईमुगाची खुरपणी शिकवून तो धारावीत काय करणार? जयपूरजवळच्या सांगानेरला बंदी कुटुंबासह राहतात आणि सकाळी शहरात आपापल्या कामावर जाऊन हजेरीला परत येतात. कोणी रिक्षा चालवतं, कोणी दुकानात काम करतं. केरळने २०११पासून कारागृहात चपात्या भाजून दोन रुपयांना एक अशा विकल्या आणि कामगारवस्तीत त्या गाजल्या. तेलंगणाच्या कारागृह खात्याने पेट्रोल पंप चालवायला घेतले आणि तिथे सुटून आलेल्यांनाही कामावर ठेवलं. तेलंगणाची गोष्ट मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे खात्याने आपली जबाबदारी दारापर्यंत न थांबवता दाराबाहेर नेली.

स्त्रियांबद्दल थोडं. पुरुष आत गेला तर बायको मुलाखतीला येते, डबा आणते, वकील बघते. बाई आत गेली की बहुतेक वेळा घरचं कोणी येत नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहतं; मग तेही जातं. तिला आत शिवण, ब्यूटी पार्लर, पापड-मसाले शिकवतात. हे सगळे घरून करायचे धंदे आहेत, आणि तिला घरच उरलेलं नसतं. तिच्यासाठी पहिली गरज राहायच्या जागेची आहे. बाकी शिक्षण त्यानंतर.

सुटलेल्या माणसाच्या वाटेतली अडचण अनेकदा अगदी क्षुल्लक दिसते. आधार कार्ड सापडत नाही किंवा त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो. बँकेचं खातं निष्क्रिय. वाहन परवाना संपलेला. भाड्याने खोली घ्यायची तर पोलिसांत नोंद. सुरक्षारक्षक, घरपोच माल देणारी कंपनी, एमआयडीसीतला कंत्राटदार, सगळीकडे चारित्र्य पडताळणी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून याच गाठी सोडवतो आहे. त्याचे कार्यकर्ते आत जाऊन भेटतात, बाहेर आल्यावर कागद काढून देतात, कामाला लावतात, काही महिने हात धरून राहतात. हे काम थोड्या माणसांनी थोड्या ठिकाणी चालवलेलं आहे. ते सरकारचं रोजचं काम व्हायला हवं.

काय करता येईल, ते अवघड नाही. प्रमाणपत्रावर कारागृहाचं नाव छापू नये. आयटीआय किंवा कौशल्य विकास विभागाचं जे प्रमाणपत्र बाहेरच्या मुलाला मिळतं, तेच द्यावं. शिवणाच्या विभागातल्या प्रत्येकाला सुटकेच्या आधीच्या वर्षात बेतण्यापासून काज करण्यापर्यंत अख्खा कपडा करायला लावावा, सुताराला प्लायवूड आणि विजेची हत्यारं द्यावीत. कच्च्या कैद्यांसाठी तीन महिन्यांत पुरे होणारे छोटे अभ्यासक्रम हवेत; मोबाईल दुरुस्ती, वायरमनचं काम, प्लंबिंग, दुचाकीचं काम, म्हणजे जामीन झाला तरी शिक्षण अर्धवट राहत नाही. सुटकेच्या तीन महिने आधी आधार, बँक खातं, परवाना यांचे कागद आतच पुरे करावेत. आणि मजुरी रोजगार हमीच्या दराशी बांधावी. त्यातून जेवणाचा खर्च कापा, पीडिताचा हिस्सा कापा, उरलेलं त्याच्या खात्यावर टाका. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागायचा बाकी नाही.

सरकारला सांगायचं ते एवढं. उरलेलं वाचकांसाठी आहे, कारण हा लेख ज्या घरांत जातो तिथे दुकानं आहेत, गॅरेजं आहेत, बेकऱ्या, छापखाने, डाळिंबाच्या बागा, पॅकिंगच्या शेड आहेत. या दिवाळीत कारागृहाच्या मेळ्यातून चौरंग जरूर घ्या. पण चौरंग घेऊन तो करणाऱ्याचं बाहेरचं पोट भरत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास खात्याचा जिल्हा परिविक्षा अधिकारी असतो. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम आणि त्यांच्या अर्थसाहाय्याची योजना त्याच्याकडे असते. त्याच्याकडे जा आणि सांगा, की माझ्याकडे एका माणसाची जागा आहे, काम असं आहे, पगार इतका आहे. आलेल्या माणसाला मशीनवर बसवून बघा, हात कसा चालतो ते बघा आणि त्यावरूनच ठरवा. त्याची शिक्षा न्यायालयाने ठरवली होती आणि ती भोगून झालेली आहे.